उजवीकडचा बाण

विश्रांतवाडी, पुणे
बुधवार, २४ सप्टेंबर २०२५

चि. पूर्णिमास,

जयसिंगमामाचे आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. घट बसले. मामीचे नवरात्राचे उपास चालू आहेत, त्यामुळे घरात साबुदाणा आणि वरईशिवाय काही शिजत नाही आणि तक्रार करायची सोय नाही. तुझ्या आईचे, आमच्या सरुताईचे गुडघे कसे आहेत? तिला म्हणावं, त्या तेलाने गुडघे बरे होत नाहीत, तेलवाल्याचं मात्र बरं चाललंय. हिंदुरावांना नमस्कार.

मामा आणि पत्र? फोन बिघडला का, असं तू म्हणशील. फोन धडधाकट आहे. फोनवर मी हुशारी करतो, विषय बदलतो, नाहीतर मामीच्या हातात देऊन मोकळा होतो. कागदावर तसं करता येत नाही, म्हणून कागद घेतला.

रविवारी तुझा फोन आला. लोणीत कॉलेजजवळ गाळा मिळाला, दसऱ्याला उद्घाटन, नारळ मामाने फोडायचा. वर म्हणालीस, "मामा, या वेळी बोर्ड तुम्हीच रंगवा. मराठीत. तुम्ही म्हणाल तसा." मी "बरं" म्हणालो. पत्रा आणला, प्रायमर मारला. तेव्हापासून रोज ब्रश काढतो आणि कोरडाच परत ठेवतो. मामी विचारते, अहो, बोर्डाचं काय झालं? मी सांगतो, हवा दमट आहे, रंग वाळायचा नाही. आज तिने गच्चीवर खडखडीत वाळलेल्या पापडांचं ताट माझ्यापुढे आणून ठेवलं.

तर आता बोलतो.

ऑगस्टमधले दिवस आठव. अमेरिकेने आपल्या मालावर पन्नास टक्के कर लावायचं जाहीर केलं आणि आमच्या सकाळच्या कट्ट्याला एकदम जोर चढला. सगळे दारूगोळा फॅक्टरीतून निवृत्त झालेले, सगळ्यांचं रक्त उसळलेलं आणि सगळ्यांच्या खिशात रक्तदाबाच्या गोळ्या. चीनने उलटा कर लावला. कॅनडात अमेरिकन दारूच्या बाटल्या फळ्यांवरून उतरवल्या. युरोपवाले बोलणी करून मोकळे झाले. "आणि आपण काय करतोय?" असं जो तो विचारत होता. एकजण म्हणाला, त्यांची एक वस्तू घरात ठेवायची नाही. म्हणताना त्याच्या हातात मुलाने तिकडून पाठवलेला फोन होता. मी म्हणालो, मी पाटी लावतो.

सगळी नोकरी ड्रॉइंग बोर्डवर काढलेली, त्यामुळे अक्षराची ऐट होतीच. प्लायवूडला पांढरा रंग दिला, वर लाल अक्षरं: "अमेरिकेने आपल्या मालावर पन्नास टक्के कर लावला आहे. त्यांच्या नावाच्या दुकानात रांग लावून त्यांचे आभार मानू नयेत. – एक करदाता." आमच्या कंपाउंडच्या भिंतीवर टांगली. टांगताना स्टूल कोणी धरलं माहीत आहे? तुझ्याकडे कामाला असलेल्या बद्रीनाथने. "काका, पडसान," म्हणत दुकानातून धावत आला.

पाटीच्या उजवीकडे चार पावलांवर तुझं दुकान. 'ओहायो स्कूप्स.' तुला ओहायो कुठे आहे ते माहीत नव्हतं आणि मलाही नव्हतं. दूध तुझ्या बाबांच्या, हिंदुरावांच्या गोठ्यातलं, अंजीर आणि सीताफळ पुरंदरचं, हात वाशिमच्या बद्रीचे. अमेरिकेचं त्यात एक नाव तेवढं. हे मला सगळ्यांत आधी माहीत होतं.

पाटीत कोणाचं नाव नव्हतं, हे मी नंतर सगळ्यांना सांगत सुटलो. खरंच नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पाटीखाली उजवीकडे दाखवणारा बाण आला. लाल, ठसठशीत. मग कोणीतरी फोटो काढला, त्यात बाण आणि बाणाच्या टोकाला तुझं दुकान, आणि तो फोटो गावभर फिरला. पंधरा ऑगस्टला संध्याकाळी ती पोरं आली. कुठली, कोणाची, कोणालाच माहीत नाही. तुझ्या बोर्डाला काळं फासलं, आईस्क्रीमचे डबे रस्त्यावर उपडे केले. तू त्या दिवशी लोणीला होतीस. बद्री शटरमध्ये आडवा उभा राहिला. "अरे, हे आपलंच आहे रे, लोणीचं दूध आहे," असं ओरडत होता. त्याच्याही तोंडाला काळं लावलं, हात पिरगळला.

मी गॅलरीत होतो. मामीला म्हणालो, चप्पल सापडत नाही. चप्पल माझ्या पायात होती.

मालकाने आठवड्याभरात गाळा खाली करायला सांगितलं. सामान भरायच्या दिवशी तू आम्हा सगळ्यांसमोर विचारलंस, "पाटी मामांची, ठीक आहे. पण बाण कोणी काढला?" तू माझ्याकडे पाहत होतीस. सरुताई होती, हिंदुराव होते, मामी होती. आणि मी म्हणालो, "मला काय माहीत? लाल रंग न् ब्रश तर बद्रीकडेच होता."

एवढंच म्हणालो. पुढचं तुम्ही लोकांनी आपापलं जुळवलं. पोळ्याला गावी जायची सुट्टी तू त्याला नाकारली होतीस, त्यावरून तुमची बोलाचाली झाली होती. सरुताई म्हणाली, "खाल्ल्या घरचे वासे मोजणारी जात." बद्रीने माझ्याकडे एकदा बघितलं. सुजलेल्या हाताने किल्ल्या काउंटरवर ठेवल्या आणि गेला.

ब्रश त्याच्याकडे होता हे खरं आहे. फ्रीजरचा स्टँड रंगवायला मीच दिला होता. पण बाण आला त्या दिवशी पहाटे तो रॉकेलमध्ये स्वच्छ धुऊन त्याने मला परत आणून दिला होता. "काका, तुमचा ब्रश," म्हणाला. त्यानंतर तो ब्रश माझ्या हातात होता, पूर्णिमा.

बाण मी काढला.

का, ते विचारशील. कट्ट्यावर विचारलं असतंस तर देशाचा अपमान वगैरे भाषण दिलं असतं. अपमान माझा झाला होता. तुझं दुकान निघायचं ठरलं तेव्हा मी ट्रेसिंग पेपरवर बोर्ड काढून आणला होता, आठवतंय? 'पूर्णिमा आईस्क्रीम.' नुसता 'पू' मनासारखा उतरेना म्हणून कितीदा खोडला होता. तू म्हणालीस, "मामा, भारी आहे, ठेवते हां," आणि आठवड्याने तिथे निळा लुकलुकणारा इंग्रजी बोर्ड लागला. मग एकदा सीताफळ घ्यायला आलो, तर फ्रीजरशेजारच्या फळीवर डब्यांखाली माझा 'पू' अंथरलेला, त्यावर दुधाचे ओघळ. तेवढ्यावरून मी आतल्या आत जळत राहिलो. सत्तरीचा माणूस, आणि भाचीच्या दुकानावर डूख धरून बसलेला. मग अमेरिकेने कर लावला आणि मला आयतं निमित्त मिळालं.

दुकान फोडावं असं माझ्या मनात नव्हतं, देवाशप्पथ. दोन-चार गिऱ्हाइकं हसतील, तू चिडशील, बोर्ड उतरवशील, एवढीच माझी अक्कल. आता बोर्ड उतरला आहे. तू मलाच रंगवायला सांगते आहेस, मराठीत. मला जे हवं होतं ते सगळं मिळालं बघ. म्हणून हात उचलत नाही.

परवा खडकवासल्याला जाऊन आलो. मामीला सांगितलं, पेन्शनचं काम आहे. बद्री तिथे धरणाच्या चौपाटीवर कणसं भाजतो, हे दूध घालणाऱ्याकडून कळलं होतं. डाव्या हाताने पंखा हलवत होता, उजवा अजून नीट उचलत नाही. मला बघून म्हणाला, "काका, एवढ्या दूर कायले आले?" मी माफी मागितली. गर्दीत, त्या धुरात, जशी जमली तशी. त्याने कणीस फिरवलं आणि विचारलं, "मॅडमले सांगतलं का?"

"नाही," मी म्हणालो.

"मंग मले काहून सांगून राहिले? मले तं माहीतच हाय."

नंतर गिऱ्हाईक आलं आणि त्याने माझ्याकडे पाठ केली. मी विचारलं, अरे, त्या दिवशी तू बोलला का नाहीस? तो न वळताच म्हणाला, "तुमी मामा हा त्यायचे. मी कोन?"

येताना बसमध्ये ठरवलं की आता लिहायचं. तरी दोन दिवस पापड आणि दमट हवा करत बसलो.

एक गोष्ट मनातून जात नाही. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला तू आमच्याकडे राहायचीस, तेव्हा ड्रॉइंग मीच शिकवलं तुला. बाणाचं टोक रुंदीच्या तिप्पट लांब, आत भरीव, कडा धारदार. चुकलीस की पट्टी मारायचो. सरुताई कौतुकाने म्हणायची, पोरगी अगदी मामाच्या वळणावर गेलीय. तो भिंतीवरचा बाण तू पाहिला होतास. असा बाण बद्री कुठून काढणार? कधी वाटतं, तुला तेव्हाच कळलं होतं आणि तू मला बोलायची संधी देत होतीस. तसं असेल तर मी दुप्पट नालायक.

नारळ माझ्या हातून फोडून घेऊ नकोस. सरुताईला हे वाचून दाखव, हिंदुरावांनाही. येऊन सांगा म्हणशील तर येऊन सांगतो, सगळ्यांच्या देखत, जसं तेव्हा बोललो तसं. दार उघडलं नाहीस तरी माझी तक्रार नाही.

तू अजून म्हणू देशील तर,
तुझा मामा


लोणी काळभोर
२७ सप्टेंबर

ती. मामांना नमस्कार.

आईचे गुडघे तसेच. बाबांचा गोठा बरा. व्हॉट्सॲपवर टाइप करून करून डिलीट केलं, शेवटी कॉलेजची वही फाडली. हे दुधाच्या टेम्पोबरोबर पाठवतेय, संध्याकाळपर्यंत मिळेल.

तुमचं पत्र आईला, बाबांना वाचून दाखवलं. आई पदर तोंडाला लावून आत गेली. तिला तिचं वाक्य आठवलं असणार. बाबा बराच वेळ वैरण टाकत राहिले आणि म्हणाले, "पाव्हण्यानं चुकीचं केलं. पर त्या पोराचं नाव घ्यायला आपन समदेच व्हतो की."

मामा, तुमचा बोर्ड मी मुद्दाम नव्हता अंथरला. फळी पुसायला वेळ नव्हता, घाईत हाताला आला तो कागद टाकला. नंतर बघितलं तेव्हा लाज वाटली, आणि तुम्हाला सांगायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणजे टाळलं. सॉरी.

आता मेन पॉइंट. तुम्ही लिहिलंय की मी तुम्हाला संधी देत होते. इतकी चांगली नाहीये मी.

बाण मी ओळखला होता. फोटोतच, पहिल्याच दिवशी, झूम करून. तुमच्याशिवाय असं टोक कोणी काढत नाही. मी सगळ्यांसमोर विचारलं कारण मला तुम्हाला चारचौघांत उघडं पाडायचं होतं. राग होता नुसता. मग तुम्ही बद्रीचं नाव घेतलंत, आणि मला काय झालं माहीत आहे? सुटल्यासारखं वाटलं. कारण तुम्ही हो म्हणाला असतात तर मला तुमच्याशी तोडावं लागलं असतं. आईला माहेर राहिलं नसतं, माझी फी तुम्ही भरली होती, सगळंच आलं असतं बाहेर. बद्री गेला तर काय जाणार होतं? एक माणूस. दुसरा मिळतो. माझ्या दुकानासाठी तोंडाला काळं लावून घेतलेला माणूस किल्ल्या ठेवून गेला आणि मी तुम्हाला विचारलं, मामा, चहा घेणार का. चहा प्यायलात तुम्ही. मीच केला होता.

त्याला माहीत होतं की मलाही माहीत आहे. किल्ल्या ठेवताना त्याने तुमच्यानंतर माझ्याकडे बघितलं होतं.

म्हणून एकट्यानेच सगळं अंगावर घेऊ नका. तुमची माफी तुम्ही मागून आलात. माझी अजून बाकी आहे. दसऱ्याचं उद्घाटन कॅन्सल केलंय, कार्ड छापलेली नव्हती, ते एक बरं. बोर्ड राहू दे तसाच, नुसता प्रायमर मारलेला.

उद्या रविवार आहे, चौपाटीवर गर्दी असेल. असू दे. आपण तेव्हा चारचौघांत बोललो होतो, आताही चारचौघांतच बोलू. मी सकाळी स्वारगेटला येते, तिथून एकाच बसने खडकवासल्याला जाऊ. तो परत येईल असं मला वाटत नाही, आणि मी त्याला ये म्हणणारही नाही. फक्त मला माहीत होतं, हे त्याला माझ्या तोंडून ऐकू दे. त्याने पाठ केली तर आपण दोघं त्या पाठीसमोर उभे राहू. बसमध्ये माझ्याशी बोलला नाहीत तरी चालेल.

चप्पल घालून निघा.

मामाच्याच वळणावर गेलेली,
पूर्णिमा