बायको वेढ्यात असलेला सरदार

पार्सिपनी, १४ मार्च १९८७

सकाळी नागपूरहून धाकट्या भावाचा, माधवचा, फोन आला. आईनं अंथरूण धरलंय. दार वाजलं की माझं नाव घेते. इकडे ग्रीन कार्डाचा अर्ज अडकलेला. वकील म्हणतो, आत्ता देश सोडलात तर परत येणं विसरा. संस्कृतात या अवस्थेला किंकर्तव्यमूढ असा भारदस्त शब्द आहे. त्यावर विमानात बसता येत नाही.

संध्याकाळी ईराच्या शाळेच्या प्रोजेक्टसाठी धर्मयुद्धांतली हत्तीनची लढाई समजावली. सलाउद्दीननं एका ख्रिस्ती सरदाराच्या गावाला वेढा घातला, आणि सरदाराची बायको आतच अडकली. तरी तोच राजाला म्हणाला, गाव गेलं तर जाऊ दे, पण पाण्याची जागा सोडून फौज नेऊ नका. बाकीचे त्याला भित्रा म्हणाले, फौज निघाली आणि तहानेनं खचून संपली.

"सो ही वॉज राइट, बाबा?"

"अगदी. बायकोही नंतर सुखरूप सुटली."

"पण तेव्हा त्याला ते माहीत नव्हतं ना? हाउ कुड ही से दॅट?"

"तोंडानं," मी म्हटलं.

ती हसली नाही. म्हणाली, "आजीला माहितीये का, लॉयर काय म्हणाला?"

माधवला मी सांगितलंय. आईला कोण सांगणार?