द्राक्षासवाची दोन झाकणं

चि. मुकेश यास जगदेवभाऊजींचे आशीर्वाद.

इंझोरीतली आम्ही सर्व मंडळी शुद्धीवर आहोत, तुझ्या बाटलीनंतरही आहोत, हे आधी कळवतो. तुझी प्रकृती, तुझे द्राक्षवेल आणि शेण भरून तू जमिनीत पुरलेली गाईची शिंगं कुशल असावीत. (नाशिककडे या शेतीला काही भारदस्त नाव असेल, आमच्याकडे तिला करणी म्हणतात. तुझ्या अंजूताईने अजून शेजारी वाच्यता केलेली नाही.)

तू कळवलं होतंस, वाइन लाल असली तरी हलकी आहे, गार करून प्यावी. त्या आज्ञेनुसार अंजूने बाटली फ्रिजमध्ये ठेवली आणि विसरली. रविवारी आपल्या शुभांगीच्या सोयरिकीसाठी कामरगावचे रामधनजी आणि वैजयंतीबाई दुसऱ्यांदा आले. घर माळकरी. मुलाची पसंती होती, शुभांगीची तर त्याहून. पण मुलाचे वडील जेवण आटोपलं तरी "पाहू, कळवू" याच्या पुढे सरकेनात. तेवढ्यात वैजयंतीबाई गार पाणी घ्यायला स्वयंपाकघरात गेल्या आणि तुझी बाटली घेऊन बैठकीत आल्या.

"हे काय होय हो गुरुजी?"

शुभांगीचा चेहरा उतरला. मी जन्मभर शाळेत संस्कृत शिकवलं, त्याचा उपयोग त्या क्षणी झाला. म्हणालो, "द्राक्षासव." (षष्ठी तत्पुरुष. द्राक्षांचे आसव. यात एक अक्षर खोटं असेल तर दाखव.) लेबलावरचं शिंग पाहून तर बाईंची खात्रीच पटली, औषधात असलं काहीतरी असायचंच.

"मंग ह्यायले द्या न दोन झाकणं. जेवले का पोट फुगते ह्यायचं."

शास्त्राप्रमाणे दोन झाकणं आसव, तितकंच पाणी. रामधनजींनी ते घेतलं, डोळे मिटून थोडा वेळ बसले आणि म्हणाले, "औषध अर्धवट नाई घ्यावं." पुढच्या मात्रांना त्यांनी पाणी नको म्हटलं. ऊन उतरेस्तोवर पोट हलकं झालं, मनही झालं, आणि साखरपुड्याची तारीख त्यांनी पंचांग न मागता स्वतःच सांगितली. अंजूने देवापुढे साखर ठेवली. तळाशी उरलेलं मी अनुपान म्हणून घेतलं. जांभळासारखं, किंचित तुरट, बरं आहे. (जास्त स्तुती केली तर तू आणखी शिंगं पुरशील.)

तुझा,
जगदेव

ता. क. आताच रामधनजींचा फोन आला, अगदी हळू आवाजात. "गुरुजी, जवानीत नाशिकले नोकरीले होतो मी. चव वळखतो. पण घरची समोर बसून होती न. तुमी आसव म्हणले, लय उपकार केले." दोन्ही घरांचा जीव एकाच शब्दाने भांड्यात पडला.

ता. ता. क. पाठोपाठ वैजयंतीबाईंचा फोन. त्यांचे गुडघे दुखतात. त्यांनाही दोन झाकणं हवीत, आणि हे आसव करणारे वैद्यबुवा साखरपुड्याला येतील का, अशी पृच्छा. मी हो म्हणून बसलो. तेव्हा मुलीचा मामा म्हणून तू येणारच होतास, आता वैद्य म्हणूनही ये. गुडघ्याचं खरं तेल आण आणि "आसव गुडघ्याला वर्ज्य" हे वाक्य पाठ करून ये. रामधनजींच्या पोटासाठी मात्र सहा बाटल्या, लेबल काढून.