झालं की येईल

२२ जुलै
भाग्येशने तारीख जाहीर केली! मला न विचारता! बोटवाल्यांच्या ग्रुपवर चक्क — "आपल्या भरती-ओहोटीच्या अ‍ॅपची नवी आवृत्ती नारळी पौर्णिमेला." खाली नारळाचं चित्र. म्हणे, "बोईसरला आमच्या कंपनीत तारखेशिवाय काम हलत नाही." नसेल. तिथे पगार मिळतो. आम्हा दोघांचं अ‍ॅप फुकट, कोड सगळ्यांना खुला, ज्याला सवड तो हातभार लावतो. भरतीचं गणित बघणारा रत्नागिरीचा मुलगा परीक्षेत अडकलाय. त्याच्याकडे कोणत्या तोंडाने तारीख मागू?

झालं की येईल. बस्स.

२५ जुलै
दांडी गावात घराबाहेर पडले की "कवा?" बंदरावर "कवा?" मच्छीमार सोसायटीचे प्रदीपकाका म्हणाले, "जमत नाय तर सांग, आमी विकतचं घेतो." घ्या की!

बाबा तर रोज. बोटीला रंग मारता मारता, "कवा येनार गो तुजं?" आज मी भडकलेच. "तुम्ही दर्यात निघालात की आई विचारते का, कधी येणार म्हणून? अपशकुन ना? मग मलाच का?" बाबा हसले. "तू काय दर्यात चाललीस?" आणि रंगाचा ब्रश पुन्हा उचलला.

३० जुलै
मोठी चूक सापडली. या वेळी पहिल्यांदाच खाडीच्या तोंडाचा नकाशा घातलाय. ऐन ओहोटीला तिथल्या खडपावर, पाण्याखालच्या खडकांवर, भरपूर पाणी दाखवतंय! जुन्या अ‍ॅपमध्ये तो भागच नाही, तिथे लोक स्वतःच्या डोळ्यांनी बघून बोट आत घेतात. नव्यावर विसंबले तर बोट फुटेल.

४ ऑगस्ट
भाग्येश : "सोडून देऊ, मागून दुरुस्त करू. सगळे असंच करतात." सगळ्यांच्या बुडाखाली खडप नसतं! ऐकेना. "मग मीच सोडतो" म्हणाला. मी त्याचा आवृत्ती सोडायचा हक्कच काढून घेतला. त्याने फोन आपटला. वाईट वाटलं. हे अ‍ॅप आम्ही दोघांनी सुरू केलं. पण नाही म्हणजे नाही!

८ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा
दर्याला नारळ दिला. अ‍ॅप नाही. प्रदीपकाका सगळ्यांदेखत — "दीपिकाचा नारळ नासका निघाला!" हशा. मी जागची हलले नाही. हसा. सगळे जिवंत आहात म्हणून हसताय.

बाबा नव्हते हसत. उलट खुशीत होते, का कोण जाणे.

१० ऑगस्ट
बाबा पहाटे बोट घेऊन दर्यात गेले. आईने डबा दिला, काही न विचारता आत वळली. रत्नागिरीहून निरोप — परीक्षा संपली, बघतो. कधी ते मी विचारलं नाही. शहाणी झालेय!

१० ऑगस्ट, संध्याकाळ
भाग्येशचा फोन. आवाज पडलेला. म्हणाला, "तू हक्क काढलास त्याच्या आधीच तुझ्या बाबांच्या मोबाइलवर नवी आवृत्ती टाकून दिली होती. ते स्वतः बोईसरला आले होते गं. म्हणाले, पोरीचं हाय, पयलं मीच वापरनार."

ओहोटी लागलीय. बाबांचा फोन लागत नाही.

आत्ता दारात उभ्या आईला विचारलं. मोठ्याने. बाबा कधी येणार?