मेमरीला थंडी वाजेपर्यंत

३ जुलै, ताइनान, तैवान. मरणाचं ऊन.
कॉम्प्युटर आज पुन्हा बंद पडला. मेमरी ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायची आणि तासभर बंद पडू द्यायची नाही, एवढंच तर करायचंय. मग हौशी लोकांच्या ऑनलाइन फोरमवरच्या विक्रमांच्या यादीत माझं नाव. ज्या कारखान्याने मला घरी बसवलं तिथलेही ती यादी बघतात. बघू दे. मग फोन येईल.
दोष उघड आहे. मेमरी तापते. उद्या कूलर. फोरमवर म्हणतात, मेमरीला कूलर म्हणजे पैसे पाण्यात. सगळे हौशी.
कॉम्प्युटरच्या डोक्यावर खाऊचं हिरवं पुडकं ठेवलं. कारखान्यात प्रत्येक मशीनवर असायचं. मशीन शहाण्या बाळासारखं वागतं. हिरवंच हवं, पिवळं ठेवलं की रुसतं.

५ जुलै
कूलर म्हणजे मेमरीवर चिकटवायचे पत्रे. लाल. देखणे. तरी बंद. पत्र्यांचा दोष नाही, पंखे हवेत. दुसरं पुडकं ठेवलं.
मेइ-युन म्हणाली, नोकरी गेली तेव्हा एवढी धावपळ केली असतीत तर! बायकोला तांत्रिक गोष्टी कळत नाहीत. सोडून दिलं.

८ जुलै, दुपार
मेमरीचे खास पंखे बसवले. आवाज पिठाच्या गिरणीचा. पुन्हा बंद, पण जरा उशिरा. प्रगती आहे. तिसरं पुडकं.
खोलीच गरम, हे लक्षात आलं. घरात एसी एकच, बेडरूममध्ये. कॉम्प्युटर तिथे हलवला. मेइ-युन उशी घेऊन हॉलमध्ये गेली. तात्पुरतं.

९ जुलै
हॉलमधला टेबलफॅनही मशीनमागे लावला. मेइ-युनने विचारलं, मी मेमरी झाले तर मला वारा मिळेल का? म्हटलं, दोनच दिवस. पुठ्ठ्याने वारा घेत बसली. समजूतदार आहे.

१० जुलै
मेइ-युन बहिणीकडे गेली, तायचुंगला. बॅग मोठी होती. येईल दोन दिवसांत.
चौथं पुडकं.

१६ जुलै
मेहुणा आ-शेंग आला, मेइ-युनचा भाताचा कुकर न्यायला. तिच्या आईने लग्नात दिलेला. बहिणीचा बिघडला असणार.
मशीन बघून हसत सुटला. म्हणाला, अहो दाजी, वरची जाळी पुडक्यांनी बुजवलीत, गरम हवा काय तुमच्या कानातून जाणार? चारही उचलली. एक फोडून खात खात गेला.
मेमरी लगेच गार. म्हणजे कूलर शेवटी लागू पडले.

१७ जुलै
सहज म्हणून कूलर काढून बघितले. काही फरक नाही. परत लावले. देखणे आहेत.
तासभर चाललं! यादीत नाव आलं. एकशे ब्याऐंशीवं. खाली एकाने विचारलं, कूलर घ्यावा का? लिहिलं, घ्याच.
कारखान्यातून फोन नाही. शनिवार-रविवार आहे पुढे.

१९ जुलै
मेइ-युनला मीच फोन केला. सांगितलं, कॉम्प्युटर बाहेर काढलाय, बेडरूम गार आहे, ये. तिने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, मला इथे झोप लागते. मग विचारलं, जेवलात का. हो म्हणालो.
रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही.
एसी लावलाय. पलंग अख्खा मोकळा आहे, तरी भिंतीकडे, माझ्याच बाजूला पडून आहे.