आईच्या खोलीवरचे पत्रे

लातूर, १८ एप्रिल, संध्याकाळ

आज इंजिनिअर नव्या घराचा नकाशा पक्का करून गेले. नळ कधी येईल याचा इथं भरवसा नाही, म्हणून पुढं जमिनीखाली मोठा हौद, त्यावर गाडी लावायची जागा. जिन्याखाली इन्व्हर्टर. आईच्या पलंगाशी बटणं, तिच्या संडासात धरायला दांडी. सगळं आठवणीनं घेतलं, असं वाटत होतं.

निघताना त्यांनी सहज विचारलं, "मावशी, तुम्हाला काय पाहिजे?"

"माझ्या खोलीवर पत्रे टाका," आई म्हणाली. "स्लॅब नको."

मी हसलो. का हसलो? किल्लारीच्या भूकंपात दादा, आईचं पहिलं पोर, कोसळलेल्या मातीच्या माळवदाखाली गेला, माझ्या जन्माच्या आधी. मला माहीत नाही का हे? तरी मी तिला कॉलम, बीम, सळई समजावत बसलो. पत्रे उन्हाळ्यात तापतील म्हणालो. वर मजला चढवायचाय, हे मात्र बोललो नाही.

"हाव, तुझं बरोबर हाय," ती म्हणाली. मग थांबून, "पत्रे न्हाई तर न्हाई. अंगणात माझ्या बाजेपुरती जागा ठेव."

ठेवतो म्हणालो.

इंजिनिअर गेल्यावर नकाशा पुन्हा उघडला. पुढं हौद आणि गाडी, मागं बोअर आणि धुण्याची मोरी, दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती. अंगण मी कुठं सोडलंच नाही.

आई दारात उभी आहे. बाज कुठं येईल ते दाखव म्हणते. मी मान खाली घालून लिहितोच आहे.