आबाजींचा चाकांचा डायनासोर

सिंदी (रेल्वे),
पोळ्याची संध्याकाळ, १९८६

प्रिय बाबा,

तुम्हाला पत्र लिहायचं म्हणजे आधी ‘आम्ही सर्व खुशाल, तुमची खुशाली कळवणे’ लिहायची सवय. आज पेन तिथंच अडलं. तुमची खुशाली आता कोण कळवणार मला? आणि माझी विचाराल तर मी खुशाल नाही. दुपारपासून रडून रडून नाक लाल झालंय. आईनं दोनदा चहा करून दिला, दोन्ही वेळा थंड झाला.

आज जेवणं आटोपल्यावर आईनं मला एक गोष्ट सांगितली. मिनूच्या वाढदिवसाची. त्या वाढदिवसाला तीन महिने झाले, तुम्हाला जाऊन दीड महिना, आणि ती गोष्ट मला आज कळते! तुम्ही स्वतः का नाही हो सांगितली? काम करताना दातांत खिळे धरायचात, तसे त्या दिवशीही धरले होते काय?

थांबा, चिडत नाही. तुमच्यावर चिडायचा हक्क मी त्याच दिवशी घालवून बसले. आधी माझी बाजू ऐका. तुम्ही ती कधी ऐकलीच नाही, आणि मी कधी सांगितलीही नाही.

तुमच्या जावयानं वर्ध्याला पुस्तकांच्या प्रदर्शनातून ते चित्रांचं पुस्तक आणलं, तिथून सगळं सुरू झालं. मोठमोठे डायनासोर, लांब मानेचे, पाठीवर काटे असलेले. मिनूनं ते पुस्तक उशाशी घेतलं ते घेतलंच. मी पण कमी नाही. लांब मानेवाला नुसता पाला खातो म्हणून सांगून तिला रोज पालक खाऊ घातला. मास्तरीण आहे शेवटी!

पाचव्या वाढदिवसाला काय पाहिजे विचारलं, तर म्हणाली, “डायनासोर.”

“अगं, ते सगळे मेले. कधीचेच.”

“मंग त्याईचा वाढदिवस कोण करते?”

“कोणीच नाही.”

“मंग आपण करू न!”

आता यावर काय बोलणार, सांगा! ठरलं, डायनासोरचा वाढदिवस. आमच्या अख्ख्या पिपरी गावात असलं काही कोणी केलं नव्हतं. माझ्या अंगात तर वारंच शिरलं. ह्यांनी कचेरीतल्या जुन्या फायलींच्या पुठ्ठ्याचे पोरांसाठी मुखवटे कापले. मी खिडक्यांना हिरव्या झिरमिळ्या लावल्या, फाटकापासून घरात येणारी तीन-तीन बोटांची मोठी पावलं रांगोळीनं काढली. शेजारच्या वानखेडे काकू आल्या, पावलं ओलांडायच्या ऐवजी बाजूनं आल्या आणि वाकून नमस्कार केला. “कोणत्या देवीचे पाय होत व कुसुम? जेठ महिन्यात महालक्ष्म्या?” मी हसू दाबत म्हटलं, “डायनासोरचे होत काकू.” त्यांनी पुन्हा हात जोडले. कोणता देव कुठं कामी पडेल, काय सांगावं!

बेकरीवाल्याला पुस्तक नेऊन दाखवलं होतं. त्यानं मन लावून केकवर हिरव्या क्रीमचा सरडा करून दिला.

म्हणजे बाबा, सगळा भार तुमच्यावर होता. तुम्हाला मी महिनाभर आधीच पाकिटातून चित्र पाठवलं होतं, पातळ कागदावर गिरवून. ‘मिनूसाठी लाकडाचा असाच करून द्या, हुबेहूब.’ ‘हुबेहूब’खाली दोन रेघा मारल्या होत्या. तुमचं उत्तर आलं एका शब्दाचं. ‘करतो.’ मी शाळेतल्या सगळ्या बायांना सांगत सुटले, माझे वडील सुतार आहेत, सिंदीच्या तान्ह्या पोळ्यात, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, निम्मी पोरं त्यांच्या हातचे लाकडी नंदी ओढतात, डायनासोर म्हणजे त्यांच्या डाव्या हातचा मळ. मोठ्या बाई खास तो पाहायला म्हणून आल्या होत्या. हे तुम्हाला माहीत नव्हतं ना? तुमच्या जिवावर किती ऐट होती माझी!

तुम्ही आलात. धोतर परीटघडीचं, खांद्यावर आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं ते धूड. सगळी पोरं मुखवटे घालून गोळा झाली. तुम्ही गाठ सोडली.

मान लांब होती, बरोबर होती. तोंडही पुस्तकातल्यासारखं. पण पाठीवर हे एवढं वशिंड! डोक्यावर दोन शिंगं, शिंगांना पितळी शेंब्या. शेपटीला बैलासारखा गोंडा. पायाखाली पाटी, पाटीला चार चाकं. गळ्यात घुंगरमाळ. आणि सगळ्याला तो दारांचा हिरवा ऑइलपेंट.

 मग कोणीतरी मुखवट्यातून ओरडलं, “बैल आहे हा! हिरवा बैल!” झालं. पंधरा पोरं “बैल, बैल” करत नाचायला लागली. मोठ्या बाईंनी पदर तोंडाला लावला. मिनूनं एकदा तुमच्याकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं, आणि भोकाड पसरलं.

आणि मी बोलले. काय बोलले ते तुम्हालाही पाठ असेल, मलाही आहे. “बाबा, चित्र पाठवलं होतं न मी! तुमच्या हातून नंदीशिवाय दुसरं काही निघतच नाई काय? सगळ्या लोकांत हसं केलं माझं!”

तुम्ही तो उचलून भिंतीकडे नेऊन ठेवलात. “चुकलं बाप्पा,” म्हणालात. एवढंच. केकचा तुकडा हातात दिला तो बशीत तसाच राहिला. जेवायला थांबा म्हटलं तर “भूक नाई”, आणि पाचची पॅसेंजर धरायला निघालात. मी फाटकापर्यंत पण आले नाही. चिवडा वाढत होते! काय तो चिवडा, बाबा! त्या दिवसाचा त्याचा वासही आठवत नाही मला, तुमची पाठ तेवढी आठवते.

आता पुढचं ऐका, हे तुम्हाला कोणीच सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पाहते तर अंगणात घुंगरू वाजताहेत. मिनू तुमच्या त्या जनावराला माझ्या परकराची नाडी बांधून ओढत होती. त्याचं नाव ठेवलं लंबू, ‘आबाजींचा लंबू’. लंबूसमोर पालकाची जुडी टाकली. दुपारी लंबूला आंघोळ, रात्री लंबू खाटेजवळ. ज्या पोरांनी बैल बैल केलं, तीच पोरं आठवड्याभरात रांग लावून “आमाले ओढू दे न” करू लागली. तुमच्या नातीनं भाव असा खाल्ला म्हणता!

हे मी तुम्हाला पंधरा पैशांच्या कार्डावर लिहू शकले असते. तीन ओळींचं काम होतं. रोज म्हणायची, लिहिते. मग शाळा सुरू झाली, दाखले, पटावरची नावं. मनात म्हटलं, नाहीतरी पोळ्याला जातेच आहे, समोरासमोर सांगेन, पाया पडेन, तुम्ही हसाल. माझा राग तुम्ही कधी मनावर घेतला होता? लहानपणापासून तोंडाळच मी.

आणि आषाढात तार आली. पोचले तेव्हा तुम्हाला अंगणात घेतलं होतं. लोक म्हणाले, रंधा मारता मारताच बसले खाली. मी तुमच्या पायाशी बसून म्हटलं, “बाबा, लंबू आवडला तिला.” ऐकलंत का हो? कोणाला विचारू?

काल मिनूला घेऊन इथं आले, तुमच्याविना आईचा हा पहिलाच पोळा म्हणून. पोरीनं हट्ट धरून लंबूला गाडीत आणलं, खिडकीची जागा दिली. आज जेवल्यावर आईनं त्याला फडक्यानं पुसलं आणि सहज म्हणाली,

“बरं केलं आणला तं. उद्या नेईन न मिनू?”

“कुठं?”

“कुठं म्हंजे? तान्ह्या पोळ्यात! त्याच्याचसाठी तं केलता त्याईनं.”

“पोळ्यासाठी केलता?” मी विचारलं. आई म्हणाली, “तुले सांगतलं नाई काय? मले वाटे, तुले मालूम हाय.”

मग तिनं सगळं सांगितलं. माझं पाकीट आलं त्या दिवशी तुम्ही चित्र चार वेळा पाहिलंत, आणि तिला म्हणालात, “हा नंदी नाई. हा पोरीनं ओढला तं कोण काय म्हणन?” आणि तेवढ्यावर थांबला नाहीत. तान्ह्या पोळ्याची ओळ लावणाऱ्या म्हाताऱ्या पाटलांकडं स्वतः गेलात. जन्मात कधी कोणाकडं काही मागायला न गेलेले तुम्ही! “नंदी नाई, दुसरं जनावर असन अन् पोरगी असन, तं चालते काय जी?” ते पोट धरून हसले म्हणे. म्हणाले, “आण बाप्पा, हत्ती आण नाई तं उंट आण.” मग घरी येऊन कामाला लागलात. चाकं, कारण ओळीत ओढायचा. वशिंड, कारण वशिंड नसलं तर झूल घसरते. शिंगं, कारण बेगड कुठं बांधणार? आईनं झूलही शिवून ठेवली आहे, हिरव्यावर खुलेल म्हणून तांबडी. ती तुम्ही वाढदिवसाला आणली नाहीत. पोळ्याला देणार होतात.

मला वाटलं, म्हाताऱ्या हाताला सवय, दुसरं काय! तुमच्या हाताला काय येत नव्हतं हो? हुबेहूब करणं तुम्हाला दोन दिवसांचं काम होतं.

मी आईला विचारलं, “पण हे एवढं कशापायी?”

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जशी मी वेडीच आहे. म्हणाली, “काऊन म्हंजे? तू दाराशी उभी राहून रडे, हे काय ते विसरले होते?”

बाबा, मला वाटायचं ते फक्त मलाच आठवतं.

सहा वर्षांची होते मी. तुम्ही केलेल्या नंदींचे डोळे मी रंगवायचे, आठवतं? काळा गोल, आत पांढरा ठिपका. “कुसुमचा हात हलत नाई,” म्हणायचात सगळ्यांना. डोळे रंगवायला मी आणि दोर धरायला दादा! गल्लीतली पोरं नंदी सजवून घरोघर जायची, दारोदार मिळालेले बोजाऱ्याचे पैसे खुळखुळवत यायची, आणि मी चौकटीला धरून उभी. एकदा पाय आपटून म्हटलं, मलाही एक करून द्या. तुम्ही मान खाली घालून म्हणालात, “पोरी नंदी नेत नाई, बाई.” मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही. दहा वर्षं डोळे रंगवले, पण तो राग काही पूर्ण गेला नाही. वाढदिवसाला तोंडातून जे निघालं ना, ‘नंदीशिवाय काही निघतच नाई काय’, त्यात तो सहा वर्षांच्या पोरीचा रागही होता. आज कबूल करते.

आणि तुम्ही वीस-बावीस वर्षं तीच गोष्ट मनात धरून होतात! चालीरीत मोडायची तुमची हिंमत नव्हती, मला माहीत आहे. म्हणून चालीरीतीला वळसा घालून वाट काढलीत, सुतार लाकडातली गाठ चुकवून पटाशी घालतो तशी. ती वाट घेऊन माझ्या दारात आलात आणि मी तुम्हाला सगळ्यांसमोर झिडकारलं. एक शब्द बोलला असतात, “कुसुम, हे पोळ्यासाठी आहे,” तर? नाही बोललात. पोर रडते आहे, पोरगी ओरडते आहे, म्हणजे आपलंच चुकलं, हाच तुमचा हिशोब. असं कोणी करतं का हो, बाबा? माझ्यावर एकदा तरी ओरडायचं होतं!

चुकलं तुमचं नव्हतं. माझं चुकलं. हे एवढं एक वाक्य लिहायला म्हणून सगळा कागद भरला.

आता आजचं सांगते. मघाशी दादाला म्हटलं, उद्या मिनू लंबूला नेणार. दादा म्हणाला, “वेडी झाली काय? वरीस झालं नाई अजून. यंदा आपल्या घरून नंदी नाई निघत.” बरोबर आहे त्याचं, यंदा आपल्याकडे सण नाही. मी म्हटलं, “दादा, नंदी निघूनच नाई राह्यला. डायनासोर निघून राह्यला.” त्यानं लंबूच्या शिंगाला हात लावून पाहिला. मग म्हणाला, “तू अगदी बाबाची पोरगी होय,” आणि उठून चाकांना तेल घालायला बसला. आत्ता ओसरीवर तेच चाललं आहे. मिनू शेजारी बसून त्याला सूचना देते आहे.

उद्या संध्याकाळी तांबडी झूल घालून मिनू पोळ्याच्या ओळीपासून शेवटच्या घरापर्यंत तो ओढेल, मी तिच्यासोबत चालेन. कोणी विचारलं हे जनावर कोणाच्या हातचं, तर मी तुमचं नाव मोठ्यानं सांगेन. आणि कोणी ‘हिरवा बैल’ म्हणून हसलं ना बाबा, तर शब्द देते, या वेळी मी तुमच्या बाजूनं भांडेन.

तुमची तोंडाळ,
कुसुम