रिकाम्या कॅमेऱ्यांची सहा वर्षं

तीर्थस्वरूप मामांना आणि त्यांच्या दोन्ही गुडघ्यांना (डाव्याला जरा जास्त) भाच्याचा साष्टांग नमस्कार.

मामी अजून तुमच्यापासून साखरेचा डबा लपवतात असं कळलं, म्हणजे दोघांच्याही तब्येती उत्तम असणार. माझं मात्र डोकं ठिकाणावर नाही. विद्यापीठाच्या ज्या पत्रकारिता विभागात तुम्ही वृत्तछायाचित्रणाचा वर्ग सुरू केलात, तिथेच मी नऊ वर्षं कंत्राटावर तोच विषय शिकवतोय. यंदा वर्गाला पस्तीस वर्षं झाली, म्हणून त्याचा इतिहास लिहायचं काम विभागप्रमुखांनी माझ्या गळ्यात मारलंय. जमला तर नोकरी कायम, नाहीतर घरी बसा. (माझ्या घरी बसण्याला तुमच्या भाचेसुनेचा सक्त विरोध आहे.)

आठवडाभर जुन्या कपाटांतली धूळ खाल्ली, शिंकून शिंकून नाक लाल केलं, तेव्हा तुमची फाईल हाती लागली. मामा, कमाल केलीत हो! आठ कॅमेरे टिकाऊ वस्तू म्हणून मंजूर, फिल्म मात्र खपते म्हणून नामंजूर! दुसरा कुणी हात वर करून मोकळा झाला असता. तुम्ही सहा वर्षं पोरांना रिकामे कॅमेरे देऊन शिकवलंत. पोरं मोर्च्यात धावायची, कोपरं मारून पुढे घुसायची, बटण दाबायची आणि वर्गात येऊन फोटो कसा आला असता ते तोंडी सांगायची. त्यावर मार्क! हसून हसून पोट दुखलं, आणि खरं सांगतो, तुमचा अभिमानही वाटला. (सातव्या वर्षी फिल्म आली आणि अख्खा वर्ग नापास झाला, ते पान मी दोनदा वाचलं.)

पण पुढच्याच पानावर माझी बोबडी वळली. त्या सहा वर्षांतलं एकमेव सुवर्णपदक 'पुरात बुडणारं घर' या न काढलेल्या फोटोला. शंभरपैकी अठ्ठ्याण्णव, आणि 'ऐकून डोळे पाणावले' हा शेरा तुमच्याच अक्षरात. विजेता कोण, तर आमचे विभागप्रमुख! दारावरच्या पाटीवर 'सुवर्णपदकप्राप्त छायाचित्रकार' असं लिहून बसलेत. आता खरं लिहिलं तर नोकरी जाते, आणि गाळलं तर तुमची सहा वर्षं गायब होतात. सांगा, काय करू?

जिन्यावरून सांभाळून उतरा.

तुमचा, अजून कंत्राटी,
भाचा

ता. क. : हे पत्र टाकायच्या आतच विभागप्रमुखांच्या हाती ती फाईल पडली. त्यांनी दार लावून घेतलं, दोन ग्लास पाणी प्यायले आणि हळूच म्हणाले, "डार्करूमला आग लागून सगळे फोटो जळाले, असं नाही का लिहिता येणार?"

ता. ता. क. : नेमणुकीचं पत्र मिळालं. सोबतच्या कागदावर साक्षीदार म्हणून सही करून पाठवा. आग तुम्हीच विझवलीत, त्यात तुमचा हातही भाजला. कुणी विचारलं तर उजवाच सांगा, तसं छापून झालंय.